तारखेची वजाबाकी

१४ जुलै १९०५ या दिवसाचा आणि आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या थकबाकीचा तसा काहीही संबंध नाही. त्या दिवशी शुक्रवार होता, कर्झनसाहेब अजून व्हाइसरॉय होते, बंगालची फाळणी तीन महिन्यांवर आली होती आणि सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा होऊन जेमतेम सव्वा वर्ष उलटलं होतं. ज्या पतसंस्थेबद्दल मी बोलतेय तिच्या संस्थापकांचे वडीलही तेव्हा फार तर पाळण्यात असतील. तरीसुद्धा ‘१ मार्च २०२४ नंतरचे हप्ते दाखव’ असं सांगितल्यावर संगणक कधी कधी थेट १४ जुलै १९०५ गाठतो आणि तिथपासूनचे सगळे हप्ते इमानेइतबारे काढून देतो.

यात गूढ काही नाही. तारखेच्या दोन्ही अंगांना एकेरी कोट घालायचे राहिलेले असतात, एवढंच. कोट नसले की २०२४-०३-०१ ही तारीख उरत नाही, ती वजाबाकी होते. दोन हजार चोवीस वजा तीन वजा एक, बाकी दोन हजार वीस. आता रकाना तारखांचा आणि हातात आला नुसता आकडा. एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसमध्ये रकाना जुन्या ‘डेटटाइम’ जातीचा असेल तर तो या आकड्याला नाही म्हणत नाही. १ जानेवारी १९०० हे त्याचं शून्य. तिथून तो दोन हजार वीस दिवस मोजतो आणि कर्झनसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहतो. १९०५ नंतरचे हप्ते म्हणजे अर्थातच संस्थेच्या जन्मापासूनचे सगळे हप्ते. प्रिंटरमधला कागद संपतो तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं.

तारीख आपल्या पद्धतीने, दिवस आधी लिहून टाकली तर आणखी मजा. ०१-०३-२०२४ ची बाकी येते उणे दोन हजार सव्वीस, म्हणजे १५ जून १८९४. आडव्या रेघेऐवजी तिरकी रेघ मारली तर वजाबाकीचा भागाकार होतो. एक भागिले तीन, भागिले दोन हजार चोवीस. एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक ठेवतच नाही, तेव्हा उत्तर शून्य, तारीख १ जानेवारी १९००. ॲक्सेस नावाचा दुसरा डेटाबेस मात्र अपूर्णांक जपून ठेवतो. त्याच्या लेखी दिवसाचा अपूर्णांक म्हणजे वेळ. म्हणून तिथे तीच १/३/२०२४ ही ३० डिसेंबर १८९९ ची मध्यरात्र उलटून चौदा सेकंद झाल्याची वेळ असते. चौदा सेकंदांपर्यंतची ही काटेकोर चूक मला मनापासून आवडते.

३० डिसेंबरच का, असं कुणी विचारत नाही, पण मी सांगतेच. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. पण एक्सेलला लोटसच्या फायली उघडायच्या होत्या, म्हणून २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस एक्सेलनेही ठेवून घेतला. मागून आलेल्या ॲक्सेससारख्या मंडळींना तो खोटा दिवस नको होता, पण आकडे तर एक्सेलशी जुळायला हवे होते. मग त्यांनी शून्यच एक दिवस मागे सरकवलं, ३१ डिसेंबरवरून ३० वर. खोटी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एकदा चढली की निवृत्तीपर्यंत तीच खरी मानून सगळे हिशोब बसवायचे, हे आपल्याकडे काही नवीन नाही. संगणकवाल्यांनीही तेच केलं.

तालुक्याच्या गावी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ऑफिसात मी बसते. आम्हाला येणाऱ्या फोनचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात माणूस घाबरलेला असतो. ‘मॅडम, लाल अक्षरं आलीत. मी काही केलं नाही हो.’ दुसऱ्या प्रकारात तो निवांत असतो. ‘मॅडम, रिपोर्ट निघाला, छान निघाला, फक्त बेरीज जरा...’ मला पहिला फोन परवडतो. लाल अक्षरं आली याचा अर्थ यंत्राला आपलं म्हणणं कळलं नाही आणि त्याने ते कबूल केलं. सिंटॅक्स एरर हा या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक प्राणी. भीती असते ती सगळं समजल्यासारखी मान डोलावून भलतंच उत्तर देणाऱ्या क्वेरीची, म्हणजे यंत्राला विचारलेल्या प्रश्नाची. मघाच्या १९०५ च्या गोष्टीतही तेच आहे. तो रकाना नव्या, नुसत्या ‘डेट’ जातीचा असता तर एसक्यूएल सर्व्हर तिथल्या तिथे भांडला असता, की आकडा आणि तारीख यांची तुलना होत नाही. एवढ्याशा भांडणाने कागदाचं एक रीम वाचलं असतं.

ज्या भाषेत हे प्रश्न विचारतात त्या एसक्यूएलची मूळ कल्पना फार गोड होती. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ साली ती मांडली. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही अशा साध्या माणसालाही माहितीला सरळ प्रश्न विचारता यावा, असा त्यांचा मनसुबा होता. बॉइस त्याच वर्षी ऐन तरुणपणी गेले. चेंबरलिन यांनी मात्र पुढे आपली भाषा जगभर पसरलेली पाहिली. साधा माणूस त्या भाषेत थेट प्रश्न विचारायला लागला की नाही, हे त्यांनी आमच्या ऑफिसात येऊन विचारलं तर मी त्यांना चहा देईन आणि विषय बदलेन.

कारण साधा माणूस बोलताना गाळतो. पतसंस्थेचे व्यवस्थापक मला सांगतात, ‘एक एप्रिलच्या पुढची आणि एकतीस मार्चच्या आतली वसुली द्या.’ वाक्य चोख आहे. मराठीच्या कुठल्याही शिक्षकाने त्याला लाल रेघ मारली नसती. हेच जसंच्या तसं क्वेरीत उतरतं ते असं: व्हेअर तारीख >= '२०२३-०४-०१' अँड <= '२०२४-०३-३१'. आणि यंत्र ‘अँड’पाशी अडून बसतं. लहान किंवा बरोबर, पण काय लहान किंवा बरोबर? आधी ज्याचं नाव घेतलं तेच पुन्हा असणार, हे शाळेतल्या मुलालाही समजतं, पण इथे दर खेपेला नाव घ्यावं लागतं. तारीख >= अमुक अँड तारीख <= तमुक. नवी पोरं मग शाळेच्या बीजगणितात शिरतात आणि दोन तारखांच्या मध्ये रकाना बसवतात: '२०२३-०४-०१' <= तारीख <= '२०२४-०३-३१'. गणिताच्या वहीत याला पूर्ण गुण मिळतील. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस हे लिहूच देत नाही. मायएसक्यूएल मात्र आनंदाने चालवतो. तो आधी डावी जोडी तपासतो, तिचं उत्तर येतं एक किंवा शून्य. मग विचारतो, हे एक किंवा शून्य '२०२४-०३-३१' पेक्षा लहान आहे का? त्या मजकुराचा आकडा करताना हाती लागतात ते सुरुवातीचे दोन हजार चोवीस. एक त्याहून लहान, शून्यही लहान. सगळ्या ओळी पास. कडक शिस्तीच्या परीक्षेत पूर्ण वर्ग उत्तीर्ण झाला की पेपर तपासणाऱ्याकडे बघावं.

लाल अक्षरांबद्दल लोकांची आणखी एक समजूत असते, की यंत्र जिथे बोट दाखवतं तिथेच चूक असते. तसं फार क्वचित होतं. मायएसक्यूएलचा ठरलेला निरोप असतो, तुमच्या वाक्यरचनेत अमक्याच्या जवळ चूक आहे, पहिल्या ओळीत. आणि पुष्कळदा त्या ‘अमक्या’च्या अवतरणात काहीच नसतं. कशाच्या जवळ? कशाच्याही नाही. याचा अर्थ एवढाच, की यंत्र कंसाची दुसरी बाजू शोधत शोधत वाक्याच्या शेवटापर्यंत आलं आणि पुढे रस्ता नव्हता. चूक मागे कुठेतरी राहिली. यंत्र आपण कुठे वाट चुकलो ते सांगत नाही, कुठे आल्यावर चुकल्याचं लक्षात आलं ते सांगतं. पोस्टग्रेस त्या मानाने सभ्य. चुकीच्या जागेखाली छोटी टोपी काढून देतो, आणि वर सूचना, की या दोन प्रकारांसाठी असं चिन्ह नाही, बहुधा तुम्हाला प्रकार बदलून घ्यावा लागेल. त्या ‘बहुधा’मुळे मला तो आवडतो.

दोन चिन्हं उलटी लिहिणाऱ्यांसाठी मात्र बहुतेक यंत्रांकडे दया नाही. ‘मोठं किंवा बरोबर’ म्हणताना जसा क्रम येतो तसंच आधी > आणि मग =. पण बाणासारखं => दिसायला देखणं असतं, आणि आमच्या ऑफिसात ते दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितंच.

कोटांची गोष्ट जरा निवांत सांगायला हवी. आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा आहे, हुशार, फक्त टापटिपीची जरा जास्त आवड. एका शाखेत त्याला थकबाकीची यादी काढायला पाठवलं होतं. क्वेरी माझीच, चाललेली, तपासलेली. तासाभराने फोन.

‘ताई, एरर येतोय. तारखेच्या जवळ.’

‘काही बदललंस का?’

‘नाही ताई. अक्षरानअक्षर तुमचीच आहे.’

‘मेलमधून थेट टाकलीस?’

‘हो. म्हणजे आधी वर्डमध्ये घेतली. तिथल्या साहेबांना दाखवायची होती ना, म्हणून अक्षर जरा मोठं केलं.’

वर्डने त्याला न विचारता कोट वाकवले होते. सरळ उभा कोट हा टाइपरायटरचा वारसा. वर्डला तो गावंढळ वाटतो, म्हणून तो सुरुवातीला एका बाजूला आणि शेवटी दुसऱ्या बाजूला कललेले दोन सुबक कोट बसवून देतो. आयफोनचा कीबोर्डही हेच करतो. माणसाच्या डोळ्यांना फरक दिसत नाही, उलट जरा बरं वाटतं. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र ती तीन वेगळी चिन्हं आहेत आणि त्यातल्या एकालाच तो ओळखतो. मी त्याला कोट पुसून हाताने टाकायला सांगितलं. तो म्हणाला, ‘पण ताई, आधीच बरोबर दिसत होतं.’ मग टाकले, यादी निघाली. संध्याकाळी त्याने मला तीच क्वेरी पुन्हा पाठवली, जपून ठेवायला. वर्डच्या फायलीत.

दुहेरी कोट घातले तर वेगळीच कथा. प्रमाण एसक्यूएलमध्ये दुहेरी कोट हे मजकुराचे नसून नावाचे असतात. पोस्टग्रेसला "२०२४-०३-०१" असं दुहेरी कोटात द्या, तो टेबलातले सगळे रकाने पालथे घालेल आणि २०२४-०३-०१ नावाचा रकाना अस्तित्वात नाही, असं कळवील. खोटं काही नाही त्यात. ओरॅकलच्या तऱ्हा आणखी निराळ्या. तिथे तारीख कुठल्या साच्यातली आहे ते सोबत सांगावं लागतं आणि त्या साच्यात महिना एमएम, तर मिनिटं एमआय. वेळ लिहिताना हटकून पुन्हा एमएम लिहिलं जातं आणि ओरॅकल म्हणतो, हा संकेत दोनदा आलाय. एका तारखेला दोन महिने नसतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

ॲक्सेसला तारीख हॅशच्या चिन्हात कोंडून लागते: #१०/०४/२०२४#. लहान पतसंस्थांत ॲक्सेस अजून ठणठणीत आहे. संगणक बदलले, खुर्च्या बदलल्या, संचालक मंडळ बदललं, तो नाही बदलला. क्वेरीत हॅशमधली तारीख तो अमेरिकेच्या रिवाजाने वाचतो, महिना आधी. विंडोजला तुम्ही भारतात असल्याचं कितीही बजावून ठेवलं असलं तरी. आता गंमत अशी, की १३ एप्रिल लिहिलात तर तेरावा महिना नसल्याने तो गुपचूप आपल्यासारखा वाचतो आणि उत्तर बरोबर येतं. तेरापासून एकतीसपर्यंत सगळं सुरळीत. घोळ फक्त पहिल्या बारा दिवसांत. आमच्याकडे पगारदारांचे हप्ते दहा तारखेचे. दहा एप्रिलनंतरची थकबाकी मागितली की तो चार ऑक्टोबरनंतरची देतो, दहा मेनंतरची मागितली की पाच ऑक्टोबरनंतरची. फक्त दहा ऑक्टोबरला रिपोर्ट अचूक, कारण तिथे महिना आणि दिवस दोन्ही दहा. एका वसुली अधिकाऱ्याचा असा ठाम समज होता, की ऑक्टोबरात दिवाळी जवळ आल्यामुळे लोक जास्त थकवतात.

तारखा मजकूर म्हणून साठवून ठेवणाऱ्यांबद्दल मी फार बोलणार नाही. ते सगळीकडे आहेत आणि त्यातले काही माझ्याहून वयाने मोठे आहेत. एवढंच सांगते, की अशा टेबलात '१५/०८/१९४७' ही तारीख '०२/०१/२०२५' च्या नंतर येते, कारण एक हा शून्याहून मोठा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस हा १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ चा क्रम कामी येतो तो इथेच. त्या क्रमाने लिहिलेला मजकूरसुद्धा तारखेसारखा रांगेत उभा राहतो. पण एसक्यूएल सर्व्हरची भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवली असेल तर जुन्या ‘डेटटाइम’साठी तो वर्षानंतर महिन्याऐवजी दिवस वाचतो. जागतिक मानक आणि ब्रिटिश बाणा एकत्र नांदवायचा तर मधल्या आडव्या रेघा काढून सलग आठ आकडे द्यायचे: '२०२४०३०१'. हे दिसतं खाते क्रमांकासारखं, चालतं मात्र सर्व्हरच्या कुठल्याही भाषेत.

खरं तर क्वेरीत तारीख हाताने चिकटवूच नये. तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावं आणि तारीख वेगळी, तारीख म्हणूनच पाठवावी. कोट नकोत, हॅश नको, साचा नको, आणि तारखेच्या चौकटीत कुणी टेबल उडवून देण्याची आज्ञा लिहिली तरी ती आज्ञा म्हणून चालत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. दात दिवसातून दोनदा घासावेत हेही सगळ्यांना माहीत आहे.

आता ३१ मार्च. १८६७ पासून आपलं सरकारी वर्ष या दिवशी संपतं, आणि पतसंस्थेत तो दिवस संपता संपत नाही. काउंटर उशिरापर्यंत उघडा, पिग्मी एजंट पिशव्या घेऊन रांगेत, वसुलीला गेलेली जीप परतायची असते. सुरुवातीला जिचा उल्लेख केला त्या पतसंस्थेत एक जुने रोखपाल आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. संगणक येऊन इतकी वर्षं झाली तरी ते रोजकीर्द हाताने लिहितात. लिहायला लागत नाही, कुणी बघत नाही, तरी लिहितात. वर्षाची वसुली छापून निघाली तेव्हा अण्णांनी तेरीज पुढे घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्या यंत्राला एकतीस तारखेची सुट्टी असते का?’

रिपोर्ट कुणीतरी पूर्वी बनवलेला. त्यात ‘बिटवीन’ होतं, '२०२३-०४-०१' आणि '२०२४-०३-३१' यांच्या दरम्यान. सिंटॅक्स निर्दोष. ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतो, हेही खरं. पण नुसती तारीख दिली की ‘डेटटाइम’च्या लेखी ती त्या दिवसाची पहाट नाही, सकाळही नाही, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं. एकतीस तारखेला सकाळी दहाला उघडलेला काउंटर त्या टोकाच्या पलीकडे. दिवसभराची वसुली, जीपची वसुली, एजंटांच्या पिशव्या, सगळं बाहेर. आत काय राहिलं? व्याज आकारणीच्या नोंदी यंत्र स्वतः करतं आणि त्या करताना वेळ लिहीत नाही, नुसती तारीख. म्हणजे बरोबर मध्यरात्र. त्या अचूक टोकावर बसल्या होत्या. कर्जदाराला लागलेलं व्याज दिसत होतं, त्याने त्या दिवशी भरलेले पैसे दिसत नव्हते. सावकाराला याहून सोयीचा रिपोर्ट कुणी लिहून देणार नाही.

उपाय सोपा: सुरुवातीला मोठं किंवा बरोबर, शेवटी नुसतं लहान, आणि शेवटची तारीख एक एप्रिल. व्यवस्थापकांना ते पटेना.

‘मॅडम, एक एप्रिल पुढच्या वर्षात जातो. ऑडिटर धरतील.’

‘एक एप्रिल आत येत नाही, साहेब. एक एप्रिलच्या आधीचं सगळं येतं.’

‘मग एकतीस मार्चच म्हणा ना.’

मधला मार्ग म्हणून लोक एकतीस तारखेला २३:५९:५९ अशी वेळ जोडतात. हौशी मंडळी पुढे मिलिसेकंदांचे तीन नऊही जोडतात. पण एसक्यूएल सर्व्हरचं जुनं ‘डेटटाइम’ सेकंदाचे तीनशेच भाग करतं. त्याच्या घड्याळात ९९७ नंतर एकदम पुढचा सेकंद. ९९९ लिहिलंत की तो पूर्णांकात ओढला जाऊन एक एप्रिलची मध्यरात्र होतो, आणि एक एप्रिलच्या व्याजाच्या नोंदी तिथे टपून बसलेल्याच असतात. शेवटी मी क्वेरीत एक एप्रिल ठेवला आणि रिपोर्टच्या मथळ्यावर एकतीस मार्च छापला. ऑडिटरांनी मथळा वाचला. अण्णांनी बेरीज वाचली.

३१ मार्चला चालू असलेल्या खात्यांच्या यादीतही असाच एक मुका प्रकार असतो. ‘खातं बंद झाल्याची तारीख ३१ मार्चनंतरची’ असं विचारलं की जी खाती बंदच झाली नाहीत ती गळतात. त्यांची तारीख रिकामी, आणि रिकाम्याशी तुलना केली तर यंत्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ‘= नल’ लिहून बघणारे पुष्कळ. ते कधीच खरं होत नाही, ‘इज नल’ म्हणावं लागतं. ज्यांची थकबाकी सगळ्यात मोठी तेच यादीत नसतात.

पतसंस्था सोडून एकदा वेगळं काम आलं होतं. एका वाचनालयाला जुन्या कागदपत्रांची सूची संगणकावर आणायची होती. ग्रंथपालांनी हौसेने पहिली तारीख घातली, रायगडावरच्या राज्याभिषेकाची, ६ जून १६७४. महिना सहा, दिवस सहा, उलटसुलट होण्याचीही भीती नाही. तरी लाल अक्षरं: किंमत मर्यादेबाहेर. कारण एसक्यूएल सर्व्हरचं ‘डेटटाइम’ १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतं. इंग्रजांनी १७५२ साली कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, आणि मधल्या अकरा दिवसांच्या कटकटीत पडायला नको म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच्या आधीचा सगळा इतिहासच नाकारला. ग्रंथपाल बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे पानिपत चालेल, राज्याभिषेक नाही?’ १४ जानेवारी १७६१ चालते, हे खरं होतं. मी रकाना ‘डेटटाइम२’ केला. ही जात २००८ साली आली आणि ती इसवी सनाच्या पहिल्या दिवसापासून मोजते. महाराजांची तारीख निमूट आत गेली. इथेही यंत्राने भांडण केलं म्हणून बरं. कोट राहिले असते तर ती आकड्यांची वजाबाकी होऊन कुठल्या तरी भलत्याच साली बसली असती आणि सूची छापून झाली असती.

सध्या व्यवस्थापकांची नवी मागणी आहे. पडद्यावर ‘गेल्या दिवाळीपासून’ असं बटण पाहिजे. मार्च हा ऑडिटरांचा. ठेवी येतात, एजंटांचं कमिशन ठरतं, गिऱ्हाईक भांडतं, ते सगळं दिवाळीच्या हिशोबाने. कुठल्याही डेटाबेसमध्ये दिवाळी काढून देणारं फंक्शन नाही. मी ‘दिवाळी’ नावाचं दोन रकान्यांचं टेबल केलं, वर्ष आणि तारीख, आणि कालनिर्णय पुढ्यात घेऊन भरायला बसले. २०२४ ला गाडी अडली. त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. देशात बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ ला झालं, आपल्याकडच्या पंचांगांनी १ तारीख दिली. तिथी ही अशी, मध्यरात्रीला न जुमानणारी. ‘बिटवीन’ने ती पकडू म्हणणं फुकट आहे. मी फोन करून विचारलं. व्यवस्थापकांनी अण्णांना हाक मारली, मागे रोजकीर्दीची पानं उलटल्याचा आवाज.

‘एक नोव्हेंबर,’ अण्णा म्हणाले. ‘पानावर कुंकू लागलंय.’

‘मग एक नोव्हेंबर धरते, साहेब.’

‘धरा. नाही, थांबा मॅडम. आमच्या दिवाळी ठेवीची खाती पाडव्याला उघडतात. ती दोन तारीख. आणि कमिशन वसुबारसेपासून.’

टेबलाला आणखी दोन रकाने वाढवले.